दोन हजार पौंडांचा खेळाडू

इंग्लंडच्या फुटबॉलच्या इतिहासांत जे वाद शंभर वर्षें चालूनहि मिटले नाहींत, त्यांपैकीं एक वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक आहे. आपल्या क्लबानें एखादा स्वस्त, नवखा, कोठेंहि कसाला न लागलेला तरुण खेळाडू घ्यावा कीं न घ्यावा, हा तो वाद होय. शनिवारच्या सामन्याआधीं मैदानाच्या पायऱ्यांवर, कारखान्यांतील जेवणाच्या सुटींत, मद्यगृहांत, आणि सायंकाळीं गुलाबी किंवा हिरव्या कागदावर निघणाऱ्या क्रीडापत्रांच्या पत्रव्यवहारांत तो पिढ्यान् पिढ्या झडत आला. एक पक्ष म्हणतो, पोर आहे, स्वस्तांत मिळतो आहे. बुडालें तर असें किती बुडणार? दुसरा म्हणतो, ज्याला मोठ्या क्लबांनीं विचारलें नाहीं त्याला आपणच कां घ्यावा? सोनें का कधीं रस्त्यावर पडलेलें असतें? दोन्ही पक्षांजवळ दाखले असतात, आणि दोघांचेहि दाखले खरे असतात. म्हणूनच वाद संपत नाहीं.

इतिहासाच्या अभ्यासकानें ह्या वादाकडे लक्ष द्यावें तें केवळ खेळाच्या आवडीमुळें नव्हे. माणसाची पारख आणि माणसाची किंमत ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत कीं एकाच गोष्टीचीं दोन नांवें आहेत, हा प्रश्न उघड्या मैदानावर, आंकड्यांत, आणि हजारों लोकांच्या साक्षीनें तपासला गेला आहे अशीं स्थळें फार थोडीं. शाळेंत शिक्षक नेमतांना, कचेरींत उमेदवार घेतांना, फार काय घरासाठीं सून किंवा जांवई पाहतांनाहि आपण हाच प्रश्न सोडवीत असतों. परंतु तेथें निकालाचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. फुटबॉलमध्यें तो ठेवला जातो.

खेळाडूला किंमत आली कशी, हें प्रथम पाहिलें पाहिजे. १८८५ सालीं इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननें धंदेवाईक खेळाडूंना मान्यता दिली, आणि १८८८ सालीं बारा क्लबांनीं मिळून फुटबॉल लीग स्थापन केली. लौकरच असा नियम झाला कीं, खेळाडूची नोंदणी ज्या क्लबाकडे असेल त्याच्या संमतीवांचून त्याला लीगमधील दुसऱ्या क्लबाकडून खेळतां येऊं नये. कराराची मुदत संपली तरी ही नोंदणी जुन्या क्लबाच्याच हातीं राही. मजूर मोकळा, पण त्याच्या मजुरीचा परवाना मालकाच्या पेटींत, अशी ती विलक्षण व्यवस्था होती. १९०१ पासून आठवड्याला चार पौंड ही वेतनाची कमाल मर्यादाहि घालण्यांत आली. म्हणजे खेळाडूला अधिक देतां येत नसे. परंतु त्याच्या नोंदणीसाठीं दुसऱ्या क्लबाला वाटेल तितकें देतां येई. खेळाडूची किंमत वाढली ती ह्या फटींतून, आणि त्या किंमतींतील फारच थोडा वाटा खुद्द खेळाडूच्या पदरांत पडे.

१९०५ च्या फेब्रुवारींत मिडल्सब्रो क्लबानें संडरलंडकडून आल्फ कॉमन ह्या आघाडीच्या खेळाडूला एक हजार पौंडांना घेतलें. तोंपर्यंत एवढी रक्कम कोणी मोजली नव्हती. मिडल्सब्रो त्या वेळीं खालच्या वर्गांत घसरण्याच्या बेतांत होता. वर्तमानपत्रांत गहजब झाला. हा खेळ आहे कीं माणसांचा बाजार, अशा अर्थाची टीका झाली. कॉमननें पहिल्याच सामन्यांत शेफील्ड युनायटेडविरुद्ध पेनल्टीवर गोल करून संघाला एक-शून्य असा विजय मिळवून दिला, आणि मोसमाच्या अखेर मिडल्सब्रो वरच्या वर्गांत टिकून राहिला. असोसिएशननें १९०८ मध्यें अशा व्यवहारांवर ३५० पौंडांची मर्यादा घालून पाहिली. पण कांहीं महिन्यांतच ती मागें घ्यावी लागली. यापुढें प्रत्येक क्लबासमोर दोन वाटा राहिल्या. सिद्ध झालेला खेळाडू भारी किंमत देऊन घेणें ही एक, आणि सिद्ध होण्यापूर्वींच त्याला ओळखून थोडक्यांत घेणें ही दुसरी. पहिलीला पैसा लागतो. दुसरीला डोळा लागतो. पाठीराख्यांचा वाद ह्या दुसऱ्या वाटेवरचा आहे.

ह्या वाटेवरचें एक ठळक उदाहरण १९२५ चें आहे. लिव्हरपूल शहरासमोर, मर्सी नदीच्या पलीकडे बर्केनहेड हें गांव आहे. तेथला विल्यम डीन, ज्याला लोक डिक्सी म्हणत, ट्रॅनमिअर रोव्हर्स ह्या लहान क्लबाकडून खेळत असे. एव्हर्टननें त्याला तीन हजार पौंडांना घेतलें तेव्हां तो अठरा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षीं मोटारसायकलच्या अपघातांत त्याच्या कवटीला जबर इजा झाली, आणि तो पुन्हां खेळेल कीं नाहीं याचीच शंका उत्पन्न झाली. परंतु तो खेळला; आणि १९२७-२८ च्या मोसमांत त्यानें लीगमध्यें साठ गोल केले. इंग्लंडच्या वरच्या वर्गांत एका मोसमांत तितके गोल अद्याप दुसऱ्या कोणाच्या हातून झालेले नाहींत. तीन हजार ही रक्कम त्या काळीं अगदींच किरकोळ नव्हती हें खरें. परंतु १९२८ मध्यें आर्सेनलनें बोल्टनच्या डेव्हिड जॅकसाठीं दहा हजारांहून अधिक पौंड मोजले, हें शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे एव्हर्टनचा सौदा किती किफायतीचा झाला तें ध्यानांत येतें.

पुढें १९६७ मध्यें त्याच ट्रॅनमिअरच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या घरीं रात्रीं उशिरां दोन पाहुणे आले. डर्बी काउंटीचा व्यवस्थापक ब्रायन क्लफ आणि त्याचा सहकारी पीटर टेलर हे ते दोघे, आणि मुलगा रॉय मॅक्फार्लंड. मुलगा झोपला होता. त्याला उठविण्यांत आलें. तो मनानें लिव्हरपूल क्लबाचा, आणि आज ना उद्यां तेथून बोलावणें येईल ह्या आशेवर असलेला. डर्बी तर तेव्हां दुसऱ्या वर्गांत होता. वडिलांनीं सल्ला दिला कीं, ज्यांना तूं इतका हवा आहेस त्यांच्याकडे जा. आणि त्यानें सही केली. किंमत चोवीस हजार पौंड. १९७२ मध्यें डर्बीनें इंग्लंडचें अजिंक्यपद मिळविलें तेव्हां मॅक्फार्लंड त्या संघाच्या बचावाचा कणा होता.

१९७१ च्या मे महिन्यांत लिव्हरपूलनें स्कनथॉर्पहून केव्हिन कीगन हा वीस वर्षांचा खेळाडू सुमारे तेहतीस हजार पौंडांना घेतला. कीगन अंगानें लहानखुरा. कॉव्हेंट्री क्लबानें त्याला पारखून परत पाठविलें होतें, आणि डॉनकास्टरच्या पितळी नळांच्या कारखान्यांत त्यानें कामहि केलें होतें. लिव्हरपूलनें त्याला घेतला तो मधल्या फळींतील एक राखीव गडी म्हणून. पण मोसमापूर्वींच्या सरावांत त्याची चमक पाहून बिल शँक्लीनें त्याला एकदम आघाडीवर खेळविलें, आणि १४ ऑगस्टला नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्धच्या पहिल्याच सामन्यांत त्यानें बाराव्या मिनिटाच्या सुमारास गोल केला. सहा वर्षांनीं तो जर्मनींतील हँबुर्गकडे गेला तेव्हां त्याची किंमत पांच लाख पौंड होती. १९७८ आणि १९७९ अशीं लागोपाठ दोन वर्षें तो युरोपांतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

येथवर वाचून पहिल्या पक्षाचा वाचक प्रसन्न होईल. परंतु ज्या एका खेळाडूच्या चरित्रांत दोन्ही पक्षांचें खरेंखोटें एकत्र पाहावयास मिळतें, तो गॅरी बर्टल्स होय. आणि त्याची कथा जरा सविस्तर सांगितली पाहिजे. हा नॉटिंगहॅमचाच मुलगा. लोकांच्या घरीं गालिचे बसविण्याचें काम करून तो शनिवारीं लाँग ईटन युनायटेड ह्या लीगबाहेरच्या, अगदीं गांवकी क्लबाकडून खेळत असे. १९७६ मध्यें नॉटिंगहॅम फॉरेस्टनें त्याला दोन हजार पौंडांना घेतला. क्लफ आणि टेलर हे दोघे तेव्हां फॉरेस्टमध्यें आले होते. क्लफ त्याचा खेळ पाहून आला तेव्हां त्यानें मध्यंतरांत मिळालेल्या गरम पेयाचीच अधिक स्तुती केली, अशी आख्यायिका आहे. १९७७ च्या मार्चमध्यें बर्टल्सला एका सामन्यांत उतरविण्यांत आलें. आणि मग जवळजवळ दीड वर्ष त्याचें नांव मोठ्या संघाच्या यादींत दिसलें नाहीं. ह्याच दीड वर्षांत फॉरेस्ट वरच्या वर्गांत आला आणि १९७८ मध्यें इंग्लंडचें अजिंक्यपदहि त्यानें जिंकलें. बर्टल्स राखीव संघांत खेळत होता.

१९७८ च्या ऑगस्टमध्यें फॉरेस्टचा आघाडीचा खेळाडू पीटर विद न्यूकॅसलकडे गेला, आणि थोड्याच दिवसांत ती जागा बर्टल्सकडे आली. १३ सप्टेंबरला युरोपियन कपाच्या पहिल्या फेरींत फॉरेस्टची गांठ लिव्हरपूलशीं पडली. लिव्हरपूलनें तो कप मागच्या दोन वर्षीं लागोपाठ जिंकलेला. फॉरेस्टनें तो सामना दोन-शून्य असा जिंकला, आणि पहिला गोल दोन हजार पौंडांच्या बर्टल्सचा होता. पुढच्या फेब्रुवारींत ह्याच फॉरेस्टनें बर्मिंगहॅमच्या ट्रेव्हर फ्रान्सिसला सुमारे दहा लाख पौंडांना घेतलें. ब्रिटनमध्यें एवढी किंमत तोंपर्यंत कोणाला आली नव्हती. १९७९ च्या मे महिन्यांत म्यूनिक येथें माल्मोविरुद्धच्या अंतिम सामन्यांत हे दोघे एकाच आघाडींत खेळले. गोल केला तो फ्रान्सिसनें, आणि कप फॉरेस्टचा झाला. म्हणजे महाग खेळाडू नेहमीं वायां जातो, असेंहि इतिहास म्हणत नाहीं.

पुढील वर्षीं माद्रिद येथें फॉरेस्ट पुन्हां अंतिम सामन्यांत उतरला तेव्हां फ्रान्सिस जखमी होता, आणि आघाडीचा सारा भार एकट्या बर्टल्सवर पडला. समोर हँबुर्गचा संघ, आणि त्या संघांत कीगन. फॉरेस्टनें एक-शून्य असा विजय मिळविला. युरोपांतील सर्वांत मोठ्या सामन्यांत त्या रात्रीं परस्परांविरुद्ध जे बावीस गडी उतरले, त्यांतील दोघे असे होते कीं, ज्यांना एके काळीं क्षुल्लक किंमतीला उचलण्यांत आलें होतें. एकाला कॉव्हेंट्रीनें परत पाठविलेलें, दुसऱ्याला गालिच्यांच्या कामावरून आणलेलें.

कथा येथेंच थांबली असती तर ती बोधकथा झाली असती. पण १९८० च्या ऑक्टोबरमध्यें मँचेस्टर युनायटेडनें बर्टल्सला साडेबारा लाख पौंडांना घेतलें. आतां तो नवखा नव्हता. दोनदां युरोपचें अजिंक्यपद पाहिलेला, इंग्लंडकडून खेळलेला, सर्व बाजूंनीं सिद्ध झालेला खेळाडू होता. त्या मोसमांत लीगमध्यें त्यानें एकहि गोल केला नाहीं. पहिला गोल झाला तो पुढच्या मोसमाच्या सप्टेंबरमध्यें. लोकांनीं त्याच्यावर विनोद रचले. १९८२ मध्यें फॉरेस्टनें त्याला परत घेतलें तें सुमारें अडीच लाखांना. आणि तेथें तो पुन्हां गोल करूं लागला. माणूस तोच, पाय तेच. दोन हजारांना तो स्वस्त होता, साडेबारा लाखांना महाग होता, आणि अडीच लाखांना बहुधा योग्य होता. ह्यांतील कोणता आंकडा बर्टल्सची किंमत सांगतो?

माझें उत्तर असें कीं, कोणताच नाहीं. किंमत खेळाडूविषयीं जितकें सांगते त्याहून अधिक विकणाऱ्याच्या गरजेविषयीं आणि घेणाऱ्याच्या घाईविषयीं सांगते. स्कनथॉर्प हें पोलादाच्या कारखान्यांचें गांव. तेथील क्लबानें १९६७ मध्यें रे क्लेमन्स हा गोलरक्षक अठरा हजारांना लिव्हरपूलला दिला, आणि चार वर्षांनीं कीगन दिला. दोघे मिळून सुमारें एक्कावन्न हजार पौंड. १९७७ मध्यें रोम येथें लिव्हरपूलनें युरोपियन कप जिंकला तेव्हां हे दोघेहि त्या संघांत होते. स्कनथॉर्पच्या पाठीराख्यांनीं हें कोणत्या भावनेनें पाहिलें असेल? आम्हीं पोरें वाढविलीं आणि दुसऱ्यांनीं तीं नेलीं, ही खंत. आणि आमच्या मैदानावर आम्हीं त्यांना पहिल्यानें पाहिलें, हा अभिमान. 'घ्यावा कीं नाहीं' हा वाद ज्या गांवीं चालतो त्याच्यापलीकडे दुसरें एक गांव असतें, आणि तेथें 'इतक्यांत कां दिला' हा वाद चाललेला असतो. लहान क्लबाला पगार वांटावयाचे असतात. प्रवेशद्वारावरच्या पैशांत तें भागत नाहीं. स्वस्त खेळाडूची स्वस्ताई पुष्कळदां अशा गरजेची असते, त्याच्या गुणाची नसते.

मग स्वस्त खेळाडू घेण्यांत खरा लाभ कोणता? मला वाटतें, तो पैशाचा नसून अवधीचा आहे. दोन हजारांच्या मुलाला दीड वर्ष राखीव संघांत ठेवलें तर कोणी हिशेब मागत नाहीं. तेहतीस हजारांच्या कीगनकडून कोणाची अपेक्षाच नव्हती. म्हणून त्याला नव्या जागीं खेळवून पाहण्याची मोकळीक शँक्लीला मिळाली. परंतु साडेबारा लाखांच्या माणसाच्या प्रत्येक शनिवारचा जमाखर्च मांडला जातो. पहिला सामना कोरडा गेला कीं कुजबूज, पांचवा गेला कीं टीका, दहावा गेला कीं थट्टा. आणि थट्टेचें ओझें पाठीवर घेऊन चेंडूपर्यंत पोंचणें मोठ्या मोठ्यांना जड जातें. ह्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे मैदानाच्या पायऱ्यांवर बसून निकाल देणारा प्रेक्षक हा केवळ पंच उरत नाहीं. तो निकालाचें एक कारण बनतो.

अलीकडचा एक दाखला ह्याची साक्ष देतो. २०१२ मध्यें लेस्टर सिटीनें फ्लीटवुड टाऊन ह्या लीगबाहेरच्या क्लबाकडून जेमी व्हार्डीला सुमारें दहा लाख पौंडांना घेतलें. इतर बाजारांत ही रक्कम सामान्य. पण लीगबाहेरच्या खेळाडूला तोंपर्यंत एवढी किंमत कोणी दिली नव्हती. व्हार्डी पंचविशीचा, कारखान्यांत काम केलेला, सोळाव्या वर्षीं शेफील्ड वेन्सडेनें काढून टाकलेला. पहिला मोसम त्याला वाईट गेला. लोक बोलूं लागले, आणि खेळच सोडावा असें त्याच्या मनांत येऊं लागलें, हें त्यानें पुढें स्वतःच सांगितलें आहे. व्यवस्थापक नायजेल पिअरसननें त्याला जाऊं दिलें नाहीं. २०१४ च्या जानेवारींत त्याच लेस्टरनें फ्रान्समधील ल हाव्हर क्लबाचा काटकुळा रियाद माहरेझ पांच लाखांहून कमी पौंडांत आणला. २०१५ मध्यें व्हार्डीनें प्रीमिअर लीगच्या लागोपाठ अकरा सामन्यांत गोल केले, आणि २०१६ मध्यें लेस्टर इंग्लंडचा अजिंक्य संघ झाला. दोन वर्षांनीं माहरेझ मँचेस्टर सिटीकडे गेला तो सुमारें सहा कोटींना. व्हार्डीला पहिल्या वर्षाच्या अखेरीस काढलें असतें, तर त्याचें नांव दुसऱ्या पक्षाच्या दाखल्यांत जमा झालें असतें, आणि तो दाखला कोणी खोटा म्हटला नसता.

दुसऱ्या पक्षाचें जें खरें आहे तेंहि मान्य केलें पाहिजे. २०१० मध्यें मँचेस्टर युनायटेडनें पोर्तुगालमधील बेबे ह्या जवळजवळ अज्ञात तरुणाला सत्तर लाखांहून अधिक पौंडांना घेतलें. त्याला स्वतः खेळतांना पाहिलें नव्हतें, हें व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसननें उघडपणें सांगितलें. मुलगा बोटांवर मोजण्याइतके सामने खेळला आणि गेला; पुढें स्पेनमध्यें त्यानें अनेक वर्षें नीटपणें निर्वाह केला. नवखेपणा आणि भारी किंमत हीं एकत्र आलीं म्हणजे त्या तरुणाला नवख्याची मोकळीक मिळत नाहीं आणि सिद्धाचा दराराहि मिळत नाहीं. तें ओझें त्यानें मागितलेलें नसतें.

आणखी एक गोष्ट इतिहास लिहिणाऱ्यानें विसरूं नये. डीन, मॅक्फार्लंड, कीगन, बर्टल्स, व्हार्डी हीं नांवें आपल्याला ठाऊक आहेत, कारण तीं वर आलीं. त्यांच्याच वयाचे, त्यांच्याइतकेच स्वस्त, असे जे असंख्य मुलगे राखीव संघांतून परस्पर घरीं गेले, त्यांच्या यादी कोणी मांडून ठेवल्या नाहींत. यशस्वी दाखल्यांवरून नवख्यांवर बोली लावणें हें सोडतींत बक्षीस लागलेल्या चार जणांना पाहून तिकिटें घेण्यासारखें आहे. ज्या स्वस्ताईमुळें मुलाला अवधि मिळतो, तिच्यामुळेंच त्याला सोडून देणेंहि सोपें होतें. दोन हजार बुडाल्यानें क्लब बुडत नाहीं. पण मुलाचीं सोळा ते एकवीस हीं वर्षें गेलेलीं असतात, आणि तीं कोणत्याहि हिशेबाच्या वहींत खर्चीं पडत नाहींत. 'बुडालें तर किती बुडणार' असें म्हणणारा पक्ष क्लबाचें बोलतो. मुलाचें बोलत नाहीं.

कायद्यानें ह्या व्यवस्थेचे अनेक बंध तोडले. वेतनाची मर्यादा १९६१ मध्यें गेली. जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यांत १९६३ मध्यें न्यायालयानें, कराराची मुदत संपल्यावरहि खेळाडूला अडवून ठेवण्याची जुनी रीत अन्यायाची ठरविली. १९९५ मध्यें बोस्मन ह्या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यांत युरोपच्या न्यायालयानें निर्णय दिला कीं, युरोपीय संघांतील खेळाडूचा करार संपल्यावर दुसऱ्या देशांतील क्लबाकडे जातांना त्याच्यासाठीं किंमत मागतां येणार नाहीं. ईस्टहॅमच्या पूर्वींचा खेळाडू परवान्यानें बांधलेला होता. आतांचा करारानें बांधलेला आहे. ही मोठी सुधारणा आहे. पण अवधि देणें न देणें हें कोणत्याहि न्यायालयाच्या हातीं नाहीं.

तें आहे व्यवस्थापकाच्या हातीं, आणि कांहीं अंशीं पायऱ्यांवरच्या लोकांच्या हातीं. म्हणून नवा मुलगा घ्यावा कीं नाहीं हा वाद चालूं असतां, त्याची किंमत विचारण्याआधीं आणखी एक प्रश्न विचारला जावा असें मला वाटतें: त्याच्यासाठीं आपण किती दिवस थांबणार आहोंत? ज्या क्लबाजवळ ह्या प्रश्नाचें उत्तर नसेल, त्यानें तो मुलगा दोन हजारांनाहि घेऊं नये. त्याला त्याच्या लाँग ईटनमध्येंच खेळूं द्यावें.